उजेडाने नायट्रिक ऑक्साइड सोडणारं संयुग: महाधमनीच्या कडीवर चाचणी

रक्तवाहिनी सैल पडलेली दिसणं सोपं आहे. ती संयुगातून सुटलेल्या नायट्रिक ऑक्साइडमुळेच सैल पडली, हे दाखवणं अवघड. कारण नुसत्या उजेडानेही ती सैल पडते. औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) पट्ट्यांवर हे १९५५ मध्येच नोंदवलं होतं.

क्रेब्ज द्रावण, म्हणजे कडी ज्यात जिवंत ठेवायची ते क्षारांचं पाणी (मिलिमोलरमध्ये): सोडियम क्लोराइड ११८, पोटॅशियम क्लोराइड ४.७, कॅल्शियम क्लोराइड २.५, मॅग्नेशियम सल्फेट १.२, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२, सोडियम बायकार्बोनेट २५, ग्लुकोज ११. कॅल्शियम सगळ्यात शेवटी, ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे पंधरा मिनिटं सोडून झाल्यावर घाला. घाई केलीत तर द्रावण गढूळ होतं. असं द्रावण सरळ फेकून द्या.

प्राणी नैतिकता समितीची परवानगी असलेल्या उंदराची (रॅट) छातीतली महाधमनी घ्या, चरबी काढा, ३ ते ४ मिमीच्या कड्या कापा. आतला थर (एंडोथेलियम) हळूच घासून काढा, कारण तो स्वतःच नायट्रिक ऑक्साइड बनवतो. या द्रावणाने भरलेल्या १० मिलि बाथमध्ये (ऊती ठेवायच्या भांड्यात), ३७ अंशांवर, सुमारे २ ग्रॅम ताण देऊन तासभर ठेवा. दर १५ मिनिटांनी द्रावण बदला. मग १ मायक्रोमोलर फिनाइलएफ्रिनने आकुंचन आणा. ॲसिटिलकोलीन या आतल्या थरामार्फतच कडी सैल करतं; म्हणून १० मायक्रोमोलर ॲसिटिलकोलीनने कडी सैल पडली, तर थर नीट निघालेला नाही. नंतर धुऊन पुन्हा आकुंचन आणा.

इथून पुढे खोलीत लाल दिवाच. संयुगाचं १० मिलिमोलर द्रावण डीएमएसओ या द्रावकामध्ये, फॉइल गुंडाळलेल्या नळीत ठेवा. त्यातलं १० मायक्रोलिटर बाथमध्ये टाकलं की १० मायक्रोमोलर होतं, डीएमएसओ ०.१ टक्का. दहा मिनिटं अंधारात थांबा. या वेळात ताणाचा आलेख घसरायला लागला, तर संयुग अंधारातही गळतंय किंवा नळीला उजेड लागलाय. सोडियम नायट्रोप्रुसाइड इथे चालत नाही, ते याच कारणाने: ऊतींच्या संपर्कात ते अंधारातही नायट्रिक ऑक्साइड देतं.

आता संयुगावर उजेड टाकणारा दिवा लावा, पण तीव्रता कडीच्या जागी मोजा. काच, पाणी आणि बुडबुडे बराच उजेड खातात. बाथचं तापमानही पाहत राहा, अर्धा अंश वाढला तरी शंका घ्या.

आता तुलनेच्या कड्या. यात कंजूषी नको. एकीला फक्त डीएमएसओ आणि उजेड. दुसरीला संयुग, पण उजेड नाही. तिसरीला आधीच उजेडात वापरून तासभर ठेवलेलं द्रावण, म्हणजे मागे उरलेल्या पदार्थाचा परिणाम कळतो. चौथीला संयुग आणि उजेड, पण २० मिनिटं आधी १० मायक्रोमोलर ओडीक्यू. नायट्रिक ऑक्साइड ज्या विकरामार्फत वाहिनी सैल करतं, ते ग्वानिलेट सायक्लेज ओडीक्यू रोखतं: ते बंद पडल्यावरही कडी तितकीच सैल पडली, तर काम नायट्रिक ऑक्साइडच्या नेहमीच्या मार्गाने होत नाहीये. संशय दिव्यावर किंवा उरलेल्या पदार्थावर घ्या.