सकाळी सातची शिफ्ट मीटिंग कशी घ्यावी, नवीन सुपरवायझरसाठी माझा अनुभव

चाकणला मशीन शॉपमध्ये डिप्लोमा ट्रेनी म्हणून लागलो, दोन वर्षांनी लाइन हातात आली आणि सकाळी सातची मीटिंग पण. तेव्हा मी कालचं टार्गेट किती, झाले किती, कमी का झाले हेच सगळ्यांसमोर विचारत बसायचो, माणसं खाली मान घालून उभी आणि अर्धा तास जायचा. १८ माणसांचा अर्धा तास म्हणजे ९ तास, एका माणसाच्या अख्ख्या शिफ्टपेक्षा जास्त.

मग एक दिवस बोअरिंगला, म्हणजे पार्टमधलं भोक (बोअर) मापात करतो तिथं, सुरुवातीचेच ११ जॉब म्हणजे पार्ट स्क्रॅप गेले. थर्ड शिफ्टच्या काकांनी सुटायच्या पाच मिनिटं आधी इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलला होता पण जुना वेअर ऑफसेट, म्हणजे टोक झिजतं म्हणून मशीनमध्ये टाकलेला भरपाईचा आकडा, झिरो करायचा राहिला, त्यामुळे बोअर मोठा झाला. बोअर लहान असेल तर परत मशीनवर घेता येतो, मोठा झाला की संपलं. काका सांगायला आलेले, पण मी आकडे वाचत होतो, त्यांची बस सुटत होती, थोडा वेळ थांबून ते गेले. आणि मीटिंग लांबली म्हणून घाईत फर्स्ट पीस, म्हणजे शिफ्टचा पहिला पार्ट, पण कोणी चेक केला नाही. ही चूक माझी होती.

तेव्हापासून लाइनच्या बोर्डाजवळ उभ्यानेच, दहा मिनिटं. आधी सुटणारी शिफ्ट बोलणार: कुठला टूल बदलला, कुठला अलार्म आला, रिजेक्ट पार्टच्या लाल बिनमध्ये काय ठेवलंय. सांगून झालं की ते मोकळे.

"काही प्रॉब्लेम?" असं कधी विचारू नका, "नाही साहेब" हेच उत्तर येतं. "काका, दोन नंबरच्या स्पिंडलचा आवाज गेला का?" असं विचारलं की माणूस खरंच बोलतो, आणि खूप बोलतो, मशीन त्याच्याएवढं कोणाला कळतं!

कारण शोधत तिथंच उभं राहायचं नाही. टोयोटावाल्यांचं पाच वेळा 'का' विचारणं चांगलंच आहे, पण ते नंतर, दोघांनी मशीनजवळ जाऊन. कोणाला झापायचं असेल तर तेही तिथं नको, बाजूला घेऊन बोला.

"बघतो" हे उत्तर घेऊ नका. बोर्डावर कूलंट पंप, मेंटेनन्सच्या दादांचं नाव, साडेआठ असं मार्करनं लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच ओळीपासून सुरू करा आणि पंपाचा पार्ट आला नसेल तर ते आपणच आधी सांगा, कारण तीन दिवस तीच ओळ तशीच दिसली की पोरं नवीन काही सांगायचंच बंद करतात.