जुना फोन अनलॉक करताय? आधी या चुका टाळा

फ्लॅशिंग, म्हणजे फोनमध्ये दुसरं सॉफ्टवेअर चढवणं, झालं. नवा रॉम (फोनची ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू झाला, वायफायही लागलं. सिम मात्र दिसेना. *#०६# डायल केलं तर जिथे पंधरा आकडी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) यायला हवा तिथे नुसतं शून्य. माझ्या जुन्या फोनवर हे घडलं, आणि त्याचं कारण होतं रिकव्हरीत (फोन दुरुस्तीच्या वेगळ्या मेनूत) शिरल्यावर केलेली घाई. तेव्हापासून कुणी फोन अनलॉक करायचं, म्हणजे दुसरं सॉफ्टवेअर टाकता यावं म्हणून बूटलोडरचं (फोन सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रामचं) कुलूप काढायचं म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारतो: ईएफएसचा बॅकअप घेतला का?

मोबाइल नेटवर्कशी बोलण्यासाठी लागणारी माहिती, म्हणजे आयएमईआय आणि रेडिओचं कॅलिब्रेशन, एका छोट्या वेगळ्या पार्टिशनमध्ये (मेमरीच्या कप्प्यात) असते. सॅमसंगमध्ये त्याला ईएफएस म्हणतात, मीडियाटेक चिपच्या फोनमध्ये एनव्हीरॅम. ही माहिती प्रत्येक फोनची स्वतंत्र असते, त्यामुळे मित्राच्या त्याच मॉडेलमधून उचलून आणली तरी चालत नाही. कस्टम (कंपनीबाहेरची) रिकव्हरी चढली की बाकी कशालाही हात लावण्याआधी या पार्टिशनचा बॅकअप घ्या आणि तो लगेच कॉम्प्युटरवर कॉपी करा. बॅकअप फोनमध्येच ठेवून पुढे फॉरमॅट डेटा केलं, तर तोही गेला म्हणून समजा. मीडियाटेकचा फोन एसपी फ्लॅश टूलने फ्लॅश करत असाल तर ‘फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड’ या पर्यायापासून लांबच राहा, त्यात एनव्हीरॅमही साफ होतं. साधं ‘डाउनलोड ओन्ली’ बहुतेक वेळा पुरतं.

दुसरी चूक डेटाची. बूटलोडर अनलॉक केला की फोन पूर्ण पुसला जातो. चोरलेला फोन अनलॉक करून कुणी तुमचे फोटो बघू नयेत, म्हणून ही व्यवस्था मुद्दाम ठेवलेली आहे. फोटो आणि कॉन्टॅक्ट सगळ्यांना आठवतात. ऑथेंटिकेटर ॲपमधले लॉगिनचे कोड मात्र विसरले जातात, आणि मग ज्या खात्यांमध्ये बॅकअप ठेवला त्याच खात्यांचं दार बंद होतं.

मॉडेलचं नाव बघून फाइल उतरवू नका, कोडनेम (त्या फोनचं अंतर्गत नाव) बघा. एकाच नावाने विकलेल्या दोन फोनमध्ये प्रोसेसर वेगळा असू शकतो. फाइल उतरवल्यावर तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा कोड) जुळतो का तेही तपासा. अर्धवट उतरलेली फाइल सुरुवातीला निमूटपणे फ्लॅश होते आणि शेवटी रडवते.

जुनं व्हर्जन चांगलं चालायचं म्हणून मागे जायचा मोह होतो. इथे अँटी रोलबॅक, म्हणजे जुनं व्हर्जन रोखणारी व्यवस्था, आडवं येतं. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रो वर जुना रॉम टाकणाऱ्या अनेकांचे फोन याच कारणाने पूर्ण ब्रिक (निकामी) झाले. तुमच्या फोनचा रोलबॅक इंडेक्स (त्या व्यवस्थेचा आकडा) आणि फाइलमधला इंडेक्स आधी ताडून पाहा.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे कस्टम रॉम असताना बूटलोडर पुन्हा लॉक करणं. लॉक झालेला बूटलोडर सॉफ्टवेअरवरची कंपनीची डिजिटल सही तपासतो, ती सापडली नाही की फोन पुढे सरकतच नाही. शाओमीच्या ‘मी फ्लॅश’ (Mi Flash) या टूलमध्ये तर तळाशी ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. बटण दाबण्याआधी तो बदला. लॉक करायचंच असेल तर आधी त्या फोनचा मूळ स्टॉक फर्मवेअर (कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर) टाका, फोन नीट चालू होऊ द्या, मगच लॉक करा.

काही गोष्टी परत मिळत नाहीत, हे माहीत असूनच पुढे जा. सॅमसंगमध्ये नॉक्सचा (सुरक्षा यंत्रणेचा) फ्यूज एकदा उडाला की सिक्युअर फोल्डर कायमचं बंद. अनलॉक फोनवर प्ले इंटेग्रिटीची (फोन विश्वासार्ह आहे का हे बघणारी गूगलची) तपासणी नापास होऊन बँकेची ॲप्स अडू शकतात. वाइडव्हाइन (व्हिडिओची कॉपी रोखणारी व्यवस्था) एल१ वरून एल३ वर घसरलं तर चित्रपट एचडीत दिसत नाहीत. रॉम नवा असला तरी मोडेम (नेटवर्कशी बोलणारा भाग) आणि इतर क्लोज्ड-सोर्स फर्मवेअरचे अपडेट कंपनीनेच द्यायचे असतात. कंपनीने ते थांबवले असतील तर त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी तशाच राहतात.

जुन्या फोनची बॅटरी ६० टक्के दाखवते आणि मध्येच मान टाकते, आणि फ्लॅशिंग अर्ध्यावर अडकतं. फुगलेली किंवा अचानक बंद पडणारी बॅटरी आधी बदला, केबलही खात्रीची वापरा.

इतकं करूनही फोन लोगोवर अडकला, तर घाबरून एकामागून एक फाइल्स टाकत सुटू नका. तो फास्टबूटमध्ये (कॉम्प्युटरवरून फाइल टाकता येणाऱ्या मोडमध्ये) जातोय का बघा. जात असेल तर बहुतेक वेळा रिकव्हरीतून फॉरमॅट डेटा केल्यावर किंवा त्याच व्हर्जनची मूळ बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल) टाकल्यावर फोन सुरू होतो. स्क्रीन काळीच असेल, पण कॉम्प्युटरला क्वालकॉम ९००८ (क्वालकॉम चिपचा आपत्कालीन मोड) दिसत असेल, तर चिप अजून ऐकते आहे. तिच्यासाठी त्या मॉडेलची सही असलेली प्रोग्रामर फाइल (चिपमध्ये सॉफ्टवेअर लिहिणारी) लागते, दुसऱ्या फोनची चालणार नाही.