जुन्या पॉवर वीडरच्या प्लगला करंट येत नसेल तर

पऱ्हाटीत डवरणीचे दिवस मोजकेच मिळतात. जुलैची झड उघडते, वावराला वापसा येतो आणि नेमके तेव्हाच कोठ्यात वर्षभर उभे असलेले पेट्रोलचे पॉवर वीडर रस्सी ओढून खांदे भरून आले तरी चालू होत नाही. मग कोणीतरी सांगते, "कॉइल (प्लगला करंट देणारे तारेचे वेटोळे) गेली, भाऊ." तालुक्याहून नवी कॉइल येते, बसते आणि मशीन तसेच मुके राहते. म्हणून आधीच सांगतो, कॉइलचा नंबर सगळ्यात शेवटी. तिच्या आधीचे बहुतेक सगळे घरीच तपासता येते; लागतो फक्त प्लग काढायचा पाना, पक्कड आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या).

हे फक्त पेट्रोल इंजिनासाठी. डिझेलच्या मिनी ट्रॅक्टरला ठिणगीचा प्लगच नसतो.

रस्सी चार-पाच वेळा ओढा आणि लगेच प्लग काढून पाहा. टोक पेट्रोलने ओले असेल, तर पेट्रोल पोचते आहे, संशय करंटवर. कोरडे असेल तर प्लगच्या भोकात पेट्रोलचे चार-पाच थेंब टाका, प्लग बसवा आणि ओढा. दोन-चार ठोके घेऊन इंजिन बंद पडले, तर करंट ठीक आहे. कार्बोरेटर साफ करा, पुढचे वाचायची गरज नाही.

आता करंट. ही तपासणी उघड्यावरच करा. पेट्रोलचा कॉक बंद करा, सांडलेले पेट्रोल पुसून वाळू द्या, प्लगच्या भोकावर कापड दाबून ठेवा आणि प्लग भोकापासून लांब धरा. भोकातून पेट्रोलची वाफ फवाऱ्यासारखी बाहेर येते, जवळ ठिणगी पडली तर भडका होतो. प्लगला कॅप (वायरच्या टोकाची टोपी) लावा, प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला टेकवा, रबरी मुठीच्या पक्कडीने धरा आणि दुसऱ्याला रस्सी ओढायला सांगा. निळी, कडकडीत ठिणगी हवी. पिवळसर, बारीक ठिणगी हवेत दिसते, पण सिलिंडरच्या दाबाखाली विझते. बाहेर ठिणगी आहे पण मशीन चालू होत नाही, अशी तक्रार बऱ्याचदा इथूनच निघते.

ठिणगी कमजोर असेल तर आधी प्लग बदला. जुना प्लग घासून महिनाभर ढकलण्यात अर्थ नाही. गॅप, म्हणजे प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते ती फट, साधारण ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. नव्या प्लगवरही करंट नसेल तर कॅप पाहा. बहुतेक कॅप वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती फिरवून काढा, वायरचे टोक इंजिनच्या धातूपासून ३-४ मिमीवर धरा. हात लावू नका, कोरड्या लाकडी चिमट्याने धरा. इथे ठिणगी आली तर दोष कॅपचा. वायरचे टोक काळे पडले असेल आणि लांबी पुरत असेल, तर अर्धा सेंटीमीटर कापून पुन्हा घट्ट फिरवा.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त चुकवली जाते. इंजिन बंद करायचा स्विच करतो एवढेच, की कॉइलची बारीक वायर बॉडीला टेकवतो. ती वायर मध्येच कुठे सोलली गेली, तर स्विच चालूवर असूनही इंजिन कायम बंदच. आपल्याकडे हे फार होते. कोठ्यात उंदीर वायर कुरतडतात. मशीनशेजारी युरियाच्या थैल्या रचलेल्या असतील तर पावसाळी ओल्या हवेत तांब्या-पितळेचे जोड गंजतात. फॅनचे कव्हर उघडले की कधी वायरच्या टोकावर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो, कधी पंख्यात सरकीच्या रुईचे घरटे. कॉइलपाशी ती बारीक वायर सोडवा आणि रस्सी ओढा. करंट आला, तर कॉइल चांगली आहे. दोष स्विचचा किंवा वायरचा. वायर सोडवलेली असताना इंजिन स्विचने बंद होणार नाही, चोक ओढून बंद करा. काही इंजिनांत ऑइल कमी झाले की करंट तोडणारा सेन्सरही याच वायरीला जोडलेला असतो, तेव्हा ऑइलची पातळी मशीन सपाट जागी ठेवून बघा.

फार जुने इंजिन असेल तर फ्लायव्हीलखाली (इंजिनसोबत फिरणाऱ्या चुंबकाच्या जड चाकाखाली) पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, आणि त्यांना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर असतात. वर्षभर उभ्या मशीनच्या पॉइंटवर गंजाचा पातळ थर धरतो आणि करंट अडतो. फ्लायव्हील पुलरनेच (चाक ओढून काढायच्या अवजारानेच) काढा. क्रँकच्या टोकावर हातोडा मारलात तर आटे जातील. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने पुसा, मग कोरा पुठ्ठा मध्ये ओढून भुकटी काढा. पूर्ण उघडलेल्या स्थितीत गॅप बऱ्याच इंजिनांत ०.३ ते ०.५ मिमी असतो, पुस्तिका असेल तर तिच्यातला आकडा धरा. पॉइंट पुन्हापुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदला. फ्लायव्हील काढलेच आहे तर त्याची चावीही बघा, म्हणजे चाक क्रँकवर जागेवर धरणारा छोटा धातूचा तुकडा. वीडरचे पाते दगडाला आदळले की ही चावी अर्धवट कापली जाते, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) सरकते आणि रस्सी हाताला उलटा झटका देते.

कॉइल आणि फ्लायव्हीलच्या चुंबकामधली फट ०.२५ ते ०.४ मिमी असावी. फीलर गेज नसेल तर साधे व्हिजिटिंग कार्ड चालते. मध्ये ठेवा, कॉइल चुंबकाला चिकटू द्या, बोल्ट कसा, कार्ड ओढून घ्या. दोन्हीकडचा गंज आधी घासून घ्या.

थंड असताना चालू होते, अर्ध्या तासाने गरम झाले की बंद, निवले की पुन्हा चालू, अशी तऱ्हा असेल तर पेट्रोलचे झाकण सैल करून बघा. त्याचे हवेचे भोक बुजले तरी असेच होते. झाकणाने फरक नसेल तर बंद पडताक्षणी, गरम असतानाच करंट तपासा. तेव्हा करंट नाही आणि थंड झाल्यावर येतो, तर पॉइंटच्या इंजिनात आधी कंडेन्सर बदला. त्यानेही भागले नाही, किंवा पॉइंटच नसतील, तर कॉइल आणा. दुकानात जाताना जुनी सोबत न्या, कारण दिसायला सारख्या कॉइलींच्या बोल्टच्या भोकांचे अंतर वेगळे निघते.