काऊचिऊची गोष्ट आठवडाभर कशी पुरवावी

बालवाडीत रोज नवी गोष्ट सांगायची घाई करू नका. सोमवारी काऊचिऊ घेतलं की शुक्रवारपर्यंत काऊचिऊच. तीन-चार वर्षांच्या मुलांना तीच गोष्ट पुन्हा हवी असते. पुढचं वाक्य ताईच्या आधी ओरडून म्हणण्यातच त्यांची खरी मजा.

पहिल्या दिवशी नुसती गोष्ट. तात्पर्य अजिबात सांगू नका. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ तेवढं मुलांना म्हणू द्या.

दुसऱ्या दिवशी घरं. शेण मिळत नसेल तर कुंडीतली माती चाळून घ्या. मळायची मात्र मुलांनीच. चिऊच्या घरासाठी रिकाम्या काडेपेट्यांवर मेणबत्तीचे तुकडे घासायला द्या. मेण वितळवायचं नाही, वर्गात आग नकोच. कडा नीट घासायला सांगा, पाणी तिथूनच शिरतं. पुढे पेन्सिल धरायला बोटांत जी ताकद लागते, ती या मळण्या-घासण्यातून येते. म्हणून हा वेळ कापू नका.

आता दोन्ही घरं परातीत ठेवा आणि बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोकं पाडून पाऊस पाडा. माती खचते, पाणी गढूळ होतं. मेणावरून मात्र थेंब घरंगळतात. इथे ताईने गप्प बसायचं. एखादं मूल मेण न लावलेली काडेपेटी आणून पावसात धरतं. धरू द्या. ती मऊ पडली की ‘मेण लावलं नाही ना!’ हे उत्तर मुलांकडूनच येतं.

मग बाळाची तयारी: बाहुली, वाटी, पंचा, काजळ. आधी अंघोळ की आधी तीट, यावर मुलं भांडतात. क्रम लावायला शिकतात ती तिथेच. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाला त्याच्या शब्दांत चिऊ होऊ द्या.

यासाठी विकतचं काही लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेही परिसरातल्या साध्यासुध्या वस्तू हाताशी धरून.

शेवटाचं काय? काही घरांत कावळ्याला चटका बसतो. मी दार उघडलं की थांबते आणि विचारते, ‘आता चिऊ काय करेल?’ बहुतेक मुलं भिजलेल्या काऊला आत घेतात, अंग पुसतात आणि भात वाढतात. एखादं म्हणतं, ‘आधी सॉरी म्हण.’ तोही शेवट खेळून बघायचा.