फ्यू की अ फ्यू? पाहुण्यांशी इंग्रजी बोलताना या चुका टाळा

तारकर्लीच्या होमस्टेवाल्याने मेसेजमध्ये 'वुई हॅव फ्यू रूम्स' लिहिलं, तर पाहुणा दुसरीकडे खोली शोधायला लागेल. सांगायचं असतं 'थोड्या खोल्या आहेत', वाचलं जातं 'खोल्या जवळजवळ नाहीतच'. तिथे 'अ फ्यू रूम्स' हवं.

चूक का होते? मराठीत नकार क्रियापदात येतो: 'फारशा खोल्या नाहीत'. इंग्रजीत क्रियापद होकारीच राहतं आणि नकार त्या गाळलेल्या 'अ'मध्ये लपतो. 'लिटल'चंही तेच. 'देअर इज लिटल वॉटर इन द वेल' म्हणजे विहीर तळाला गेली; 'अ लिटल वॉटर' म्हणजे दोन कळश्या तरी निघतील. तुमच्या वाक्यात 'फारसं नाही' बसत असेल तरच 'अ' गाळा. (आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे चक्क 'बरेच'! याला तर्क लावत बसू नका.)

दुसरा घोळ मोजण्याचा. आपलं 'जास्त' नारळालाही चालतं, पाण्यालाही. इंग्रजीत शब्दच बदलतो. माडाखाली नारळांचा ढीग झाला तर 'टू मेनी कोकोनट्स', पण आमटीत खोबरं जास्त पडलं तर 'टू मच कोकोनट'. मासळीचंही तसंच: जाळ्यात 'टू मेनी फिश', ताटात 'टू मच फिश'. पर्यटक मोजता येतात, म्हणून 'अमाउंट ऑफ टूरिस्ट्स' नको, 'नंबर ऑफ टूरिस्ट्स' म्हणा.

आपण 'दोन सल्ले', 'चार बातम्या' सहज म्हणतो. इंग्रजीत अ‍ॅडव्हाइस, न्यूज, लगेज, फर्निचर मोजत नाहीत. 'हाउ मेनी लगेजेस?' चूक, 'हाउ मच लगेज?' किंवा 'हाउ मेनी बॅग्ज?' विचारा.

पावसाळ्यात होड्या कमी, तर 'फ्यूअर बोट्स'. 'लेस बोट्स' बोलण्यात ऐकू येतं, पण लिहिताना टाळा. मात्र अंतर, पैसे आणि वेळ यांना आकडा असूनही 'लेस' लागतं: 'लेस दॅन 5 किलोमीटर्स', 'लेस दॅन 500 रुपीज'. नियम घोकलेली मुलं नेमकी इथे अडखळतात.

साध्या होकारी वाक्यात 'मच' पुस्तकी वाटतं. 'वुई गेट मच रेन' ऐवजी 'अ लॉट ऑफ रेन' म्हणा. 'अ लॉट ऑफ' मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या, दोन्ही गोष्टींना चालतं.

प्रश्न आला की 'एनी', असं शाळेत शिकवतात. पण आग्रह करताना 'सम' वापरा: 'वुड यू लाइक सम सोलकढी?' 'एनी' म्हटलंत तर आग्रह कमी वाटतो, नुसतं हवं-नको विचारल्यासारखं.