गोरं करणारी डबी, काळी मेंदी आणि पार्लरचा वास : या चुका टाळा

शाम्पू घेताना "यात पॅराबेन नाही ना?" असं विचारणारी मंडळी पार्लरमधून बिनलेबलची डबी मात्र बिनदिक्कत घरी आणतात. पॅराबेन हे माल खराब होऊ नये म्हणून ठरावीक प्रमाणात घालतात. खरी भीती बाळगायची ती त्या डबीची.

लग्नसराईत नागपुरात बर्डीपासून इतवारीपर्यंत कुठंही विचारा, उत्तर ठरलेलं: "ताई, आठ दिवसांत फरक दिसते बघा!" फरक खरंच दिसतो, आणि तिथंच शंका घ्यावी. इतक्या झटपट उजळवणाऱ्या क्रीममध्ये बरेचदा पारा किंवा स्टेरॉइड असतं. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, पण तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडावर घाव घालतो. लांब कशाला, अकोल्यातल्या एका घरातल्या मायलेकींना असंच क्रीम लावून मूत्रपिंडाचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासलं, तर त्यात पारा निघाला. चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दशलक्षात एका भागापेक्षा जास्त असू नये, असं 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत लिहिलंय.

डबी उलटी करून बघा. उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत, घटकांची यादी. यातलं काही नसेल तर घेऊच नका. यादीत कॅलोमेल, मर्क्युरिक किंवा मर्क्युरियस दिसलं तर तो पाराच. "सोन्याचांदीला लागू देऊ नका" अशी सूचना असेल तरी तोच संशय. पायावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर डबी घेऊनच मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात जा; डबी पाहिली की डॉक्टरांना नेमकी तपासणी सांगता येते.

मेडिकल स्टोअरमधून शेजारणीच्या सांगण्यावरून आणलेली ट्यूब ही दुसरी चूक. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही सगळी स्टेरॉइडं. 2018 पासून ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी मिळतात. महिनोन्‌महिने लावली की चामडी पातळ होते, मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत तोंड भाजल्यासारखं लाल होतं. सोडली की पुरळ उसळतं, म्हणून बायका पुन्हा तीच लावतात. हे चक्र मोडायला त्वचारोगतज्ज्ञ लागतो. मनाने एकदम बंद करू नका.

"हर्बल आहे" म्हणून बेफिकीर राहणं? पाला वाटलेली मेंदी केशरी-तपकिरी रंगते. तासाभरात कुळकुळीत काळी झाली, तर त्यात हेअर डायमधलं पीपीडी हे रसायन आहे असं समजा. फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढं केसांचा डायही सोसत नाही. म्हणून डाय लावण्याआधी कानामागे थेंबभर लावून 48 तास थांबा. वरातीच्या आदल्या दिवशी ही चाचणी होत नाही, हे आलंच.

पार्लरमध्ये केस सरळ करताना डोळ्यांची आग होऊन घसा खवखवला तर ती फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाची वाफ असू शकते. पार्लरवाल्या "पावडरीचा वास आहे" म्हणतील. उठा आणि बाहेर या.

रिकामी डबी, खोका, बिल फेकू नका. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा किंवा ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन लावा. बॅच नंबर आधी विचारतील.