नामशेष फोरॅम ओळखताना या चुका टाळा

फोरॅमिनिफेरा, थोडक्यात फोरॅम, हे मुख्यतः समुद्रात राहणारे कवचधारी जीव. त्यांचं कवच वाळूच्या कणाएवढं असो की नाण्याएवढं, ते बांधणारा जीव एकपेशीयच. नामशेष झालेल्या फोरॅमचा तो जीव पाहायला मिळत नाही, डीएनएही हाती लागत नाही. उरतं फक्त कवच, आणि ते वाचायचा क्रम चुकला की नाव चुकतं. माझ्या अनुभवात बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: नजर आधी आकारावर जाते आणि तिथेच थांबते.

ही ओढ आजची नाही. १८२६ साली फ्रेंच निसर्गअभ्यासक आल्सीद दॉर्बिन्यी यांनी फोरॅमची पहिली मोठी मांडणी केली, तेव्हा वेटोळ्यात रचलेले कप्पे पाहून त्यांनी हे जीव नॉटिलसच्या, म्हणजे शीर्षपादांच्या (ऑक्टोपसच्या नात्यातल्या प्राण्यांच्या) गटात बसवले होते. १८३५ मध्ये फेलिक्स द्युजार्दँ यांनी जिवंत फोरॅमचा अभ्यास केल्यावर ते एकपेशीय असल्याचं स्पष्ट झालं.

आकार जुळला म्हणून नाव जुळवणं

चातीसारखी, दोन्ही टोकांना निमुळती तीन कवचं शेजारी ठेवा. एक फ्युसुलिना, एक लॉफ्टुसिया, एक अल्व्हिओलिना. तिन्ही लांब अक्षाभोवती गुंडाळलेली, बाहेरून सख्खी भावंडं वाटावीत अशी. प्रत्यक्षात फ्युसुलिना कार्बोनिफेरस काळातली, आणि तिचा सगळा गट पर्मियनच्या शेवटी, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी संपला. लॉफ्टुसिया क्रिटेशसच्या, म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या काळाच्या, अखेरची. अल्व्हिओलिना त्यानंतरच्या पॅलिओसीन-इओसीन काळातली. एकीचा दुसरीशी जवळचा संबंध नाही.

कवचाचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की गोंधळ मिटतो. फ्युसुलिनाची भिंत अतिसूक्ष्म कॅल्साइट कणांची असते आणि कप्प्यांमधले पडदे झालरीसारखे दुमडलेले दिसतात. लॉफ्टुसियाने भिंत बाहेरचे कण चिकटवून बांधलेली, आत चक्रव्यूहासारखी गुंतागुंत. अल्व्हिओलिनाची भिंत चिनी मातीच्या भांड्यासारखी, छिद्रं नसलेली. तिचे कप्पे बारीक उपकप्प्यांत विभागलेले आणि शेवटच्या कप्प्यावर मुखांच्या, म्हणजे बाहेर उघडणाऱ्या भोकांच्या ओळी. तीन वेगळ्या वंशांनी तीन वेगळ्या काळांत एकच आकार गाठला. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, आणि सर्वांत फसवीही.

लहान फोरॅममध्येही हेच घडतं. वेणीसारखी दोन ओळींत रचलेली कवचं पाहून हात आपोआप एकाच नावाकडे जातो. पण टेक्स्ट्युलॅरिया कण चिकटवणारी, बोलिव्हिना काचेसारख्या भिंतीची आणि तळावर राहणारी, तर हेटेरोहेलिक्स क्रिटेशस समुद्रात तरंगणारी.

भिंत न पाहणं, किंवा भिंतीवर डोळे मिटून विश्वास ठेवणं

म्हणून पहिला प्रश्न: भिंत कशाची? कवच ओलं करून तिरक्या प्रकाशात पाहा. चिकटवलेले कण असतील तर पृष्ठभाग खरबरीत दिसतो. चिनी मातीसारखी भिंत परावर्तित प्रकाशात दुधाळ पांढरी, तर पातळ कापातून प्रकाश सोडल्यावर गडद दिसते. छिद्रांची काचेसारखी भिंत कापात उजळ दिसते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची चाचणी करायची असेल तर तुटक्या तुकड्यावरच करा, आणि एक लक्षात ठेवा: कण वाळूचे असले तरी त्यांना जोडणारा चुना विरघळून कवच ढासळू शकतं.

इथे दुसरा सापळा आहे. खडकात पुरल्यावर काचेसारख्या कवचावर आणि कवचात नवे कॅल्साइट स्फटिक वाढतात, ते गोठल्यासारखं पांढुरकं होतं आणि नवखा माणूस त्याला चिनी मातीच्या गटात टाकतो. टांझानियातल्या इओसीन चिकणमातीत मिळालेली तरंगती फोरॅम अजून पारदर्शक आहेत. ती पाहिली की आपल्या ताटलीतली बहुतेक कवचं किती बदललेली आहेत ते समजतं. शंका आली तर छिद्रं शोधा. एखाद्या ठिकाणी तरी ती शाबूत सापडतात. कधी कवच पूर्ण विरघळून आत भरलेलं ग्लॉकोनाइट किंवा पायराइट हे खनिज तेवढं उरतं. तो आतला साचा असतो. त्यात कप्प्यांची रचना दिसते, भिंत दिसत नाही, आणि दोन कप्प्यांमधली शिवण असते त्याहून खोल वाटते. अशा नमुन्याला प्रजातीचं नाव देऊ नका.

एका कवचावर प्रजाती उभी करणं

नुम्युलाइट्सचं उदाहरण प्रत्येकाने एकदा स्वतः पडताळून पाहावं. गिझाच्या पिरॅमिडच्या दगडांत ही नाण्यासारखी कवचं खच्चून भरलेली आहेत. एकाच थरात मोठी आणि लहान अशी दोन मापं मिळतात. फोडून पाहिलं तर मोठ्या कवचाचा पहिला कप्पा इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि लहान कवचाचा पहिला कप्पा टपोरा. एकोणिसाव्या शतकात अशा जोडीला दोन वेगळ्या प्रजातींची नावं दिली गेली. खरं तर त्या एकाच प्रजातीच्या दोन पिढ्या आहेत: लैंगिक प्रजननातून आलेली पिढी लहान पहिल्या कप्प्याची आणि मोठ्या कवचाची, अलैंगिक प्रजननातून आलेली उलट.

त्यातही पाण्याचा प्रवाह मापाप्रमाणे कवचं वेगळी करतो, म्हणून एका थरात एकच रूप मिळालं तर दुसरं नव्हतंच असं मानू नये. शेजारचे थर पाहा, निदान काही डझन कवचं मोजा आणि पहिल्या कप्प्याचा व्यास नोंदवा. कवच मध्यावर उघडायची जुनी युक्ती अजूनही उत्तम आहे: ज्योतीवर तापवून थंड पाण्यात टाकायचं, बहुतेक वेळा ते वेटोळ्याच्या प्रतलातच दुभंगतं. डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा हवाच, तुकडे उडतात.

काप भलतीकडून जाणं

मध्य चुकवून गेलेल्या कापात वेटोळी कमी मोजली जातात आणि कप्प्यांचा आकार विकृत दिसतो. पहिला कप्पा दिसत नसेल तर मोजमापं लिहू नका. चकतीसारख्या कवचांत तर सगळं नाव मध्यप्रतलातच असतं: डिस्कोसायक्लिनात तिथले उपकप्पे आयताकृती, लेपिडोसायक्लिनात कमानदार ते षटकोनी. बाहेरून दोन्ही चकत्याच.

तुटलेलं मुख खरं मानणं

शेवटचा कप्पा सर्वांत नाजूक असतो आणि तोच आधी मोडतो. मग आतलं, आधीच्या कप्प्याचं भोक उघडं पडतं आणि त्यालाच मुख समजलं जातं. कप्प्याच्या तुटक्या कडा शोधल्या की हे उघड होतं. मुखात अडकलेला गाळ ओल्या कुंचल्याने काढा. खाण्याच्या रंगाचा थेंब सोडला तर मुख आणि शिवणी ठळक होतात. तरंगत्या फोरॅममध्ये शेवटचा कप्पा कधी कधी आधीच्यापेक्षा लहानच वाढतो, ते वेगळ्या प्रजातीचं लक्षण नव्हे. वेटोळं उजवं की डावं हे नेहमी सर्पिल बाजूने, म्हणजे सगळी वेटोळी दिसतात त्या बाजूने ठरवा. छायाचित्र आरशासारखं उलटलेलं असेल तर तेही उलटं होतं.

वय माहीत आहे म्हणून नाव देणं

‘हा थर पॅलिओसीन, म्हणजे ही कडेला धार असलेली मोरोझोव्हेलाच’ असं एका तरंगत्या फोरॅमबद्दल म्हणायचं आणि मग त्याच मोरोझोव्हेलावरून थराचं वय सिद्ध करायचं, हे वर्तुळ फार वेळा घडतं. क्रिटेशसच्या शेवटी, ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या, दिसायला तशाच ग्लोबोट्रंकानाची कवचं जुन्या खडकातून झिजून नव्या गाळात येऊन बसतात. तिच्या कडेला दोन समांतर धारा असतात आणि मुख नाभीत, म्हणजे वेटोळ्याच्या मधल्या खळग्यात, पत्र्यासारख्या झाकणाखाली. मोरोझोव्हेलाची धार एकच, बारीक काट्यांच्या जुळण्यातून बनलेली, आणि मुख नाभीपासून कडेकडे सरकत गेलेलं. आधी हे पाहा, थराचं नाव नंतर विचारा. रंग, झीज किंवा आत भरलेला गाळ बाकीच्या कवचांपेक्षा वेगळा असेल तर ते कवच बाजूला ठेवा.

भिंतीला वंशावळ समजणं

१९६४ आणि १९८८ मधली लोबलिक आणि टॅपन या अभ्यासकांची फोरॅमची वर्गवारी प्रामुख्याने भिंतीवर उभी होती आणि कामाला ती अजूनही सोयीची आहे. पण २०१३ मध्ये जिवंत फोरॅमच्या जनुकांवरून झालेल्या मांडणीत कण चिकटवणारे फोरॅम एकापेक्षा अधिक वर्गांत विखुरले गेले, आणि वर्ग वेगळे करताना कप्प्यांची घडण, म्हणजे एकच कप्पा, नळीसारखे कप्पे की गोलसर कप्पे, महत्त्वाची ठरली. म्हणून भिंत आणि कप्प्यांची रचना यांच्या नोंदी वेगळ्या रकान्यांत ठेवा. पुढे मांडणी बदलली तरी नोंद वाया जात नाही.

प्रजातीची खात्री नसेल तर चिठ्ठीवर गणाचं (जीनसचं) नाव लिहून थांबा, आणि नक्की कोणतं लक्षण दिसलं नाही तेही लिहा: ‘मुख तुटलेलं’, ‘भिंत पुनर्स्फटिकित’, ‘पहिला कप्पा कापात नाही’.